मॉड्यूल सात

पंचेचाळीस अंश. कूलरमध्ये पाणी भरायची पाळी कोणाची
यावरून सकाळीच वाजलेलं,
आणि काटोल रोडच्या आमच्या वीज उपविभागात
पाच वाजेपर्यंत सगळ्यांनी संपवायचं आहे
मॉड्यूल सात : विद्युत सुरक्षितता.

अंतरा सोमकुवर, रुजू होऊन अडीच महिने,
व्हिडिओ दुप्पट वेगानं लावते.
पडद्यावरची बाई चिवचिवते, अंतरा पोह्यांवरची तर्री पुसते,
दहापैकी दहा.

लांजेवार भाऊ माउस हातात उचलूनच घेतात,
पान्ह्याचं वजन बघावं तसा.
"मॅडम, हे समोर जाऊनच नाही राहिलं."
नाहीच जात भाऊ, व्हिडिओ संपेस्तोवर बटण राखाडीच.
"मंग ठीक आहे."
आणि बसतात, त्या हेल्मेटवाल्या गुळगुळीत माणसापुढे
मुलगी पाहायला आल्यासारखे.

मी मधली. सेहेचाळीस.
टायपिंग चाळीसच्या वेगाचं, मग डॉस, मग एमएससीआयटी,
प्रत्येक वेळी वाटलं, आता झालं शिकून.
अंतराला मी लांजेवारांच्या काळातली वाटते,
लांजेवारांना अंतराच्या,
म्हणून दोघंही मलाच हाक मारतात.

प्रश्न सहावा. सहकाऱ्याला विजेचा धक्का बसला आहे.
आपण प्रथम काय कराल?
अ, ब, क, ड.
"कोणता सहकारी?"
कोणताही भाऊ. उदाहरण आहे.
"तसं नाही. खांबावर का खाली?
ओलं होतं का? पायात काय होतं?"
कोपऱ्यातले सेकंद लाल होतात.
"गोधनीच्या फीडरवर आपला मुरली…"
वेळ संपली. कृपया पुन्हा प्रयत्न करा.

अंतरानं एका कानातलं काढलं.
मला वाटलं, आता ही उठून क दाबून देणार,
मागच्या मॉड्यूलला दिलं होतं तसं.
"मग काय केलं तुम्ही?"
लांजेवार पडद्याकडेच बघत होते.
"हात नाही लावायचा, पोरी.
जातेच हात. पण नाही लावायचा."

कूलर कोरडा घरघरू लागला तसे तेच उठले.
आधी पिन उपसली. थांबले.
मग उलट्या हातानं पत्र्याला शिवून पाहिलं,
ताप पाहावा तसं लेकराचं.
"उलटा का?" अंतरा.
"सुलटा धरून ठेवते."
अंतरा बादलीकडे बघत राहिली. सकाळी
चालू कूलरमध्ये तिनंच ओतली होती ती.

चार पन्नास. माझा सहावा अजून उघडाच.
मी क दाबते.
हिरवी खूण येते,
आणि आतून कोणीतरी टाळ्या वाजवतं.