खिशातली यादी

मानवतला मोंढ्याच्या कोपऱ्यावर माझी इस्त्रीची टपरी.
दोन्ही पार्ट्यांचे कुडते माझ्याकडंच येतात.
रुस्तुमरावांना कांजी कडक लागते,
गयासभाईंना कॉलर मऊ, मान घासते म्हणतात.

काल रुस्तुमरावांच्या खिशात
चार घड्यांचा कागद निघाला. आमच्या गल्लीची यादी.
कुणापुढं बरोबरची खूण, कुणापुढं फुली.
द्वारकाकाकू श्रावणात वारल्या,
त्यांच्यापुढंही बरोबर.
माझ्या नावापुढं नुसतं प्रश्नचिन्ह,
पेनानं दोनदा गिरवलेलं.

वीस वर्षं या माणसाच्या
सुरकुत्या काढतोय मी.

बायको हंडे मांडत होती, नळाचा आज नववा दिवस.
‘कामून हसायलात एकटेच?’
काय सांगू तिला.
बरं वाटलं होतं, खरं सांगायचं तर.
अख्ख्या गल्लीत मी एकटाच
अजून त्यांना कळलेलो नाही.
मला तरी कुठं कळलोय.

कागदावरनं इस्त्री फिरवली, हलक्या हातानं,
शाई पसरू नये म्हणून,
आणि होता तसा ठेवून दिला खिशात.
वहीत लिहिलं : कुडता एक, बारा रुपये.
मागचे तीनशे चाळीस बाकी.

नळ रात्री अडीचला आला.