वीस मिनिटं

तिबिलिसीच्या मुख्य कचेरीतून आलेला लेव्हान
टाय सैल करत विचारतो,
"तुमची पद्धत काय, बाई?
एका पानात बसेल अशी सांगा.
नव्या लोकांना वाटायचीय."

लामारा गोगोलाद्झे चष्मा पुसते.
शुक्रवारी ती निवृत्त होणार.

डोंगराच्या पोटातून येणारं खारट, कोमट पाणी
बाटलीत भरायचं, बूच मारायचं, गाडीत चढवायचं.
एवढंच तर काम.
पण एवढ्याशा कामात कुठं कुठं माशी शिंकते
ते तिला पाठ आहे,
जुन्या सुनेला सासरचे स्वभाव पाठ असावेत तसं.

ती सांगत नाही
त्या हिवाळ्याचं, जेव्हा वीज
आठवड्यातून दोनदा पाहुण्यासारखी यायची
आणि पाहुण्यासारखीच, न सांगता.
माणसं यंत्रांशेजारी झोपायची, अंगावर कोट, पायात बूट.
दिवा लागला की ती एकच हाक मारायची,
आणि रात्री दोन वाजता बाटल्या चालू लागायच्या.
पगार म्हणून पाणीच मिळे.
ते पाणी ट्रकमध्ये घालून ती खालच्या गावांत गेली,
मक्याचं पीठ घेऊन परतली,
आणि कुणाच्या घरी किती तोंडं ते वहीत बघून
स्वतः मापानं वाटलं.
तेव्हा तिला हुद्दा नव्हता.
'ऑपरेशन्स प्रमुख' हे फार नंतर आलं,
सोनेरी अक्षरांत, जाड कार्डावर.
ती कार्डं तिनं पाठकोरी वापरली,
सुट्या भागांच्या याद्यांना.

मुर्मानचंही ती सांगत नाही.
बुचाच्या यंत्राचा आवाज बदललाय,
तो दोनदा म्हणाला होता.
बातुमीची गाडी दारात उभी होती.
ती म्हणाली, एवढी खेप जाऊ दे.
खेप गेली.
दोन बोटंही गेली.

त्यानंतर भिंतीच्या कडेनं ती लाल दोरी आली.
कुणीही ओढावी. झाडूवाल्यानंसुद्धा.
ओढली की सगळं थांबतं,
आणि पहिली दहा मिनिटं
'का ओढली?' असं विचारायची मुभा कुणालाच नाही,
मालकालाही नाही.
मालक यावर एकदा ओरडला होता.
ती ऐकून घेत होती,
आणि ऐकता ऐकता त्याच्या टेबलावरची
डगमगणारी तिवई कागदाची घडी घालून नीट करत होती.

"चल," ती लेव्हानला म्हणते,
आणि पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसवते.
मागून उजेड, पुढून बाटल्या.
"तडा दिसला की बाजूला काढ. बस्स."
एकवीस वर्षांची असताना ती इथंच बसायची,
शेजारी इझोल्दा, भोपळ्याच्या बिया सोलत.

पहिल्या पाच मिनिटांत तो तीन काढतो, खूश होतो.
दहाव्या मिनिटाला मान आखडते.
पंधराव्या मिनिटाला सगळ्या बाटल्या
एकच बाटली होऊन जातात.
अठराव्या मिनिटाला
केसाएवढा तडा घेऊन एक बाटली
त्याच्या उघड्या डोळ्यांसमोरून निघून जाते.
लामारा ती उचलते. काही बोलत नाही.

विसाव्याला म्हणते, "ऊठ.
दुसऱ्याला बसू दे.
डोळा खोटं बोलायला लागतो,
आणि त्यात डोळ्याचा गुन्हा नसतो."

मुर्मान चहाचे दोन पेले आणतो,
तीन बोटांत एक, पाच बोटांत एक.
लेव्हान त्या हाताकडे बघतो
आणि पटकन नजर काढून घेतो.
"मग पानावर लिहू काय?"

ती उत्तर देणार, एवढ्यात
पट्ट्याची घरघर मंदावते,
बाटल्या एकमेकींना टेकत टेकत उभ्या राहतात.
कुणीतरी दोरी ओढलीय.

लामारा चालू लागते. घाई करत नाही.
लेव्हान मागून काही विचारायला जातो,
मुर्मान ओठांवर बोट ठेवतो,
उरलेल्यांपैकी एक.

एवढ्या वर्षांच्या गोंगाटाखाली
नदी वाहत होती,
ती आता ऐकू येते.