त्रेसष्ट बाय अठ्ठ्याऐंशी

त्रेसष्ट मिलिमीटर बाय अठ्ठ्याऐंशी.
एवढंसं कार्ड. खेळाचं. पोरं जमवतात, अदलाबदल करतात,
प्लास्टिकच्या पाकिटात जपतात.
त्यावर कंपनीला हवा होता दलदलीचा राखणदार:
‘भीती वाटावी, पण विश्वासही. रक्त नको. पंख मोठे.
सोमवारपर्यंत.’

ऐरोलीत, सेक्टर आठमध्ये, तिसऱ्या मजल्यावर
मी शुक्रवारी रात्री पंखाशी अडले.
बगळा मला येतो. राक्षसही येतो.
बगळ्याचा राक्षस होताना खांद्यापाशी जे हाड वळतं
ते येईना.
मग एक जुनं चित्र उघडलं,
दूरच्या, बर्फाच्या देशातल्या कुणा बाईचं.
तिचा पंख उचलला, आडवा फिरवला,
निळ्याचा शेवाळी केला, कडा पुसल्या
आणि स्वतःला म्हटलं, संदर्भ.
किती स्वच्छ शब्द आहे,
इस्त्रीच्या रुमालासारखा;
हात पुसायचे, पुन्हा खिशात.

छापायच्या आधीच कुणीतरी ओळखलं.
माझ्या पंखावर तिचा पंख ठेवला, अर्धा पारदर्शक करून.
पीस न् पीस जुळलं.
एकवीस होती. मी मोजलीही नव्हती.

कंपनीचं पत्र सभ्य होतं:
‘मैथिली, सगळे थर पाठवा.’
पाठवले. त्या बाईलाही लिहिलं, पंख तुमचा होता.
एका ओळीचं उत्तर आलं:
‘तो काढायला मला एक हिवाळा लागला.’
शिवी नाही, क्षमा नाही.

नव्या पंखासाठी आठ दिवस मिळाले, अर्ध्या पैशांत.
ओहोटीची वेळ बघून खाडीवर गेले,
गुडघाभर चिखलात, वही डोक्याशी धरून.
उडायच्या आधी बगळा क्षणभर लंगडल्यासारखा करतो
हे बत्तीस वर्षं खाडीकाठी राहून ठाऊक नव्हतं.
तसाच काढला. थोडा वाकडा. पास झाला.

डोळ्याबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.

राखणदाराच्या कपाळावरचा पांढरा, काळ्या काठाचा डोळा,
ज्याला कंपनी म्हणाली, ‘किती वेगळा, किती तुमचा’,
तो दिवा गावच्या जेट्टीवर
हिराजी भोईरांच्या होडीच्या नाळेवर आहे.
शाळेत होते तेव्हापासून माझ्याकडे बघतोय.
भोईरांच्या जाळ्यात बोईट सापडतात, खेकडे सापडतात;
महाजालात हा डोळा सापडत नाही,
म्हणून तो चोरलेला नाही.

छापील कार्ड घेऊन गेले.
त्यांनी बोटं लुंगीला पुसली,
कार्ड उन्हात धरलं, लांब, मग जवळ.
‘डोला माजा नाय,’ म्हणाले, ‘बापसाचा हाय.
बापसानं उरनच्या कुनाचा तरी बगितलेला.’
मला जरा हलकं वाटू लागलं होतं,
तेवढ्यात म्हणाले, ‘पन ही पापनी कुनाची?’
माझी, म्हटलं. पापणी मी काढली.
‘होरीला पापनी नसते, पोरी. निजंल ना ती.’

मग विचारलं, किती मिळाले.
मी आकडा सांगितला. खरा.
ते काही बोलले नाहीत.
रंगाच्या डब्याचं झाकण
खिळ्यानं उचकटत राहिले.

कार्डाच्या तळाशी, दोन मिलिमीटर उंचीत,
‘चित्र: मैथिली चौबळ’.
कंपनीला विचारलं, आणखी एक नाव बसेल का.
म्हणाले, चौकट एकाच नावाची आहे.
आणि कुठलं लिहिलं असतं मी,
हिराजींचं, त्यांच्या बापाचं,
की उरणच्या त्या कुणाचं तरी?

आता राखणदार पोरांच्या हातांत आहे,
कुठल्या कुठल्या टेबलांवर उलटा-सुलटा पडतो,
लंगडत्या पंखाचा, मागून आणलेल्या डोळ्याचा.
निव्वळ माझी म्हणावी
अशी त्यात एक पापणी.
चुकलेली.