इथंच तर जायचंय

पन्हाळ्याला जाताना घालतोच की मी.
दर रविवारी, पहाटे पाचला.
वाघबीळच्या चढाला जीभ बाहेर येते
तेव्हाही हनुवटीखालचा पट्टा घट्ट असतो.
ग्रुपातले सगळेच घालतात. फोटो चांगले येतात.

पण ते झालं गुरुवारी.
कोथिंबिरीची एक जुडी आणि अर्धा लिटर दूध,
गंगावेशीपर्यंत, सायकलवर चार मिनिटं.

शालन म्हणाली, घाला डोक्यात ते.
मी म्हटलं, अगं, इथंच तर जायचंय.

खरं सांगतो, शहाणपणानं नाही घातलं.
एका हातात किटली, दुसऱ्यात पिशवी,
दारामागच्या खिळ्यावरनं हेल्मेट निसटून पायात पडलं.
उचललं. ठेवायचं कुठं, म्हणून डोक्यावर ठेवलं.
सीटवर बसताना पट्टा लागला तो सवयीनं.
बोटं माझ्यापेक्षा हुशार.

परत येताना पुढं ट्रॅक्टर.
गळिताचा हंगाम, मागं दोन ट्रॉल्या,
मोळ्या विजेच्या तारांना टेकलेल्या,
आणि गाणं एवढं मोठं
की ड्रायव्हरला मागचं जग नव्हतंच.
एक ऊस निसटला.
एकच.
पेरापेरात रस भरलेला,
पोरांनी पळत जाऊन उचलला असता असा.
माझ्या पुढच्या चाकाखाली तो लाटण्यासारखा फिरला.

पडायचं कसं, हे मला कुणी शिकवायला नको.
आठ वर्षं तालमीत काढलीत.
बळवंत वस्ताद म्हणायचे,
हनुवटी छातीला लाव, पाठ गोल कर,
बाकीचं माती बघून घेईल.
आणि घ्यायचीच ती बघून.
ताक प्यायलेली, तेल प्यायलेली,
हळदीची, लिंबाची,
रोज पहाटे आम्हीच खोऱ्यानं उकरलेली माती.

डांबरात कुणी ताक ओतत नाही, भावा.

नारळ फुटल्याचा आवाज आला.
मला वाटलं, मीच.

दूध उतारानं गटाराकडं निघालेलं.
पानपट्टीतनं जहाँगीर मुल्लाणी धावत आला,
"नाव सांगा तुमचं, नाव!"
मी नाव सांगितलं, आडनावासकट.
मग शालनचं.
मग कोथिंबिरीचा भाव.
तेव्हा कुठं तो माझ्याशेजारी फतकल मारून बसला
आणि पट्टा सोडून हेल्मेट माझ्या हातात दिलं.

डाव्या कानाच्या वर, आरपार भेग.
आतला पांढरा थर उघडा पडलेला,
ओल्या खोबऱ्यासारखा.

आता खिळ्यावर दोन आहेत.
एक नवं. एक ते.
फुटलेलं परत घालायचं नसतं,
पण शालन टाकूही देत नाही.
रोज केर काढताना त्यावरनं फडकं फिरवते,
बोलत काही नाही.

शेजारचा पृथ्वीराज गिअरची सायकल घेऊन
कॉलेजला जातो, उघड्या डोक्यानं.
"काका, केस बसतात ओ."
परवाच्या वरातीत चार तास फेटा मिरवलास,
तेव्हा कुठं ठेवले होतेस रे केस?
हसला. गेला तसाच.
मी कोपऱ्यापर्यंत बघत राहिलो,
वळणावर ब्रेक दाबला का ते.

काल शालन म्हणाली, मीठ संपलंय.
मी उठलो, डोक्यात घातलं, पट्टा लावला, कुलपाची किल्ली शोधली.
ती म्हणाली, अहो, दुकान समोर आहे.
चालत जा की.

चालत गेलो.
हेल्मेट काढायचं राहूनच गेलं.