कर्जाचा रकाना

पदवीचे पेढे खात
अब्बास चाचा म्हणाले, फिकह ठीक आहे गो,
पण पगार किती लागतो त्याला?
मी हसले. अजून एक पेढा उचलला.

पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यावरचे
इक्बाल धनसे गेले.
मागे बायको, दोन मुली, म्हातारे आईबाप.
मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडत गेले:
एक अष्टमांश, दोन तृतीयांश,
एक षष्ठांश, पुन्हा एक षष्ठांश.
चोविसाचे झाले सत्तावीस.
अशा वेळी कुणाला दाराबाहेर काढत नाहीत,
सगळ्यांनीच थोडं आवरून बसायचं.
डोंगरीतल्या खोलीला हे शिकवावं लागत नाही.

पण खोली पागडीची.
पावती अजून आजेसासऱ्यांच्या नावावर.
तिला मिळकत म्हणायचं का?
तीन वर्षांत एवढं तरी शिकले:
"मला ठाऊक नाही, विचारून सांगते"
हे मान खाली न घालता म्हणायला.

मग आठवलं, वाटणीआधी कर्ज.

"खाला, तुमचा महर?"
"माफ केला."
"कधी?"
"मय्यत उचलताना. सगळे उभे होते.
कुणीतरी म्हणालं, बोल."

सासऱ्यांच्या बोटातली तसबीह थांबली.
मी सत्तावीसवर काट मारली
आणि सगळ्यांच्या वर,
कर्जाच्या रकान्यात लिहिलं: महर.
पुढे प्रश्नचिन्ह.

रक्कम त्यांनीच सांगितली,
एकतीस वर्षं पाठ असल्यासारखी.