पुकारा

वारसा यादीत नाव चढलं
तेव्हा पिवळ्या हेल्मेटातली मुलं आली,
लाकडी हातोडीनं भिंत ठोकून ऐकत राहिली,
डॉक्टर पाठ ठोकतो तशी.
कुर्ल्याचा दगड, म्हणाली. कमानींना पोरबंदरचा.
सागवान ब्रह्मदेशातलं.
फॉर्मात ‘स्थिती’ असा रकाना होता.
लिहिलं : बरी.

मी एकतीस वर्षं या व्हरांड्यात नावं पुकारली.
इब्राहिम वल्द दाऊद. इनास फरेल.
सोनूबाई भ्रतार रावजी.
तीनदा.
चौथ्यांदा पुकारायची रीत नाही.
नावं छताला लागून परत यायची,
माणसं कधी यायची, कधी नाही.

रेकॉर्ड रूम हलवताना
लाल फडक्याचा एक बस्ता माझ्या अंगावर सुटला.
प्लेगचं साल. दावा माझगावच्या एका खोलीचा.
भाडेकरीण छावणीत होती, तेवढ्यात मालकानं सामान उचललं :
एक जातं, दोन हंडे, एक पाळणा.
साहेब इंग्रजीत विचारतो,
दुभाषा मराठीत विचारतो :
पाळण्यात कोण होतं? आता त्याची गरज काय?
पुढे वळणदार अक्षरात एकच ओळ :
साक्षीदार उत्तर देत नाही.
त्याखाली शाईचा डाग, की पाण्याचा,
मला ओळखता आलं नाही.

जातं परत. हंडे परत.
पाळण्याची किंमत शाबीत नाही, सबब
तेवढ्यापुरता दावा रद्द.
खर्च ज्याचा त्यानं सोसावा.

बाईचं नाव होतं ठकूबाई भ्रतार विठू, मोलमजुरी.
बस्ता मीच बांधला, जुनीच गाठ मारून.

काल सहज गेलो होतो.
जिन्याची तिसरी पायरी मधोमध खोलगट झालीय,
तारखेला आलेली माणसं तिथंच टेकायची.
हेल्मेटातली मुलगी म्हणाली,
काका, ही झीज आम्ही भरून काढू,
मूळचा दगड होता तसा दिसेल.
मी म्हटलं, हो का.

ती गेल्यावर व्हरांड्यात उभा राहिलो, नेहमीच्या खांबापाशी.
घसा बसलाय आता. तरी पुकारलं :
ठकूबाई भ्रतार विठू...
परातीवरून कबुतरं उडाली, आणि
चुन्याचं घमेलं डोईवर घेतलेली एक बाई
पायरीवर थबकली.
कुणाला हाक मारताय, बाबा?

म्हटलं, काही नाही.
तारीख होती एकीची.