वाऱ्याच्या खालच्या अंगाला

सप्टेंबरात पिल्लं अजाण असतात.
पहिल्याच हाकेला पळत सुटतात, जीभ बाहेर,
कुणी पंगतीला बोलावल्यासारखी.
हॅल्वर म्हणतो, यात कसली शिकार,
ही तर वसुली.
तरी बंदूक घेतोच.
मेंढ्या किती होत्या आणि किती उरल्या
ते त्याच्या खिशातल्या वहीत असतं, पेन्सिलीने.

मी त्याची सून. नावानेच हाक मारते त्याला,
मोंटानात तशीच रीत.
पण दोन वर्षं झाली, हाक पोचत नाही.
आधी डावा कान गेला, मग उजवा,
मग टेलिफोनने भिंतीवर नुसतं लटकून राहायचं.

शीळ मात्र अजून पट्टीची.
अक्रोडाच्या लाकडाची, दातांनी कुरतडलेली,
ओठांत धरतो
आणि तारेत अडकलेला ससा
त्याच्या छातीतून रडायला लागतो,
इतका खरा की माझ्या पोटात कालवतं.
त्याला त्यातलं काही ऐकू येत नाही.
गालांना आठवतं तेवढं वाजवतो.

ऐकायचं काम माझं.
सेजच्या झुडपांत खांद्याला खांदा लावून बसायचं.
जवळ असेल तर त्याच्या दंडावर एक टिचकी,
लांब असेल तर दोन.
कायोटी सरळ येत नाही.
वळसा घालतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो,
आधी नाकाने विचारतो, मग डोळ्यांनी.
लव्हर्न, माझी सासू, म्हणायची,
मीही नाकाने विचारलं असतं
तर या घरात पाऊल टाकलं नसतं.
हे ती त्याच्या चांगल्या कानाशी म्हणायची.

डिसेंबरात केस दाट होतात, रुप्यासारखे.
एकेकाळी सहा कातड्यांत पिकअपची चाकं आली होती.
आता पेट्रोलही सुटत नाही.
तरी गोठलेल्या ओढ्याकाठी बसतो आम्ही,
थर्मासमधल्या कॉफीवर साय धरावी तसा बर्फ.

फेब्रुवारीत ससा चालत नाही.
पोटापेक्षा मोठी भूक लागलेली असते त्यांना.
मग गाईच्या शिंगाचा भोंगा.
हॅल्वर आभाळाकडे तोंड करून
परक्या नराची आरोळी ठोकतो,
दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याच्या मादीसाठी,
वय वर्षं एक्क्याऐंशी.
टेकाडावरून कोल्हेकुई उठते.
दोघंच असतात, वाटतात दहा.
मी दोन टिचक्या मारते
आणि तो अंधारात हसतो, ते मला कळतं.

एप्रिलबद्दल थोडक्यात.
कोकरं पडायला लागली आणि रोज एक कमी.
पाणवठ्याशी त्याने मादी पाडली.
तिच्या सडांना दूध होतं.
त्या संध्याकाळी हॅल्वरने हात धुतले
ते साबण संपेपर्यंत.
सकाळी फावडं घेऊन एकटा गेला, दक्षिणेच्या उतारावर.
मी गेले नाही. विचारलंही नाही.
फावडं दुपारी परत आलं,
त्याला माती लागली होती की नाही
ते पाहायचं मी टाळलं.

जूनमध्ये गवत गुडघाभर.
तशी बोलावण्याची ही वेळ नव्हे,
पण त्या दिवशी म्हणाला, चल.
शीळ हळू वाजवली, ससा जणू झोपेत रडतोय.
दक्षिणेच्या उतारावरून
आवाज आले, बारीक, फुटके,
नुकतंच ओरडायला शिकलेल्यांचे.
तीन. कदाचित चार.
माझा हात त्याच्या दंडाजवळ होता.

"काही?"
मी मान हलवली. नाही.
"वारा," मी ओठांनी म्हटलं, तो वाचेल असं.

तेवढ्यात कुंपणाच्या खांबावरून मॅगपाय उडाला,
उतारावर गेला, खाली बघत घिरट्या घालू लागला.
मॅगपाय उगाच घिरट्या घालत नाही
हे मला त्यानेच शिकवलं होतं.
हॅल्वरने पक्ष्याकडे पाहिलं. बराच वेळ.
मग ओली शीळ तशीच खिशात टाकली,
एकेक काडतूस डब्यात मोजून ठेवलं
आणि वहीत काही लिहिलं नाही.

पिकअप सुरू करण्याआधी
स्टिअरिंगवर त्याने बोटाने
एकदाच टिचकी मारली.